ओढा आपला वाटतो का?

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ५.५०

खोली ताब्यात घेतली. पहिला मजला, मागची बाजू. ३.४ मीटर बाय २.९. पलंग, टेबल, आणि एक खुर्ची जिचा एक पाय ४ मिलिमीटर आखूड आहे. खिडकीखाली ओढा. ओढ्यासाठी खोली घेतलेली नाही. काम ओढ्याचं आहे आणि ऑफिसातून येण्याजाण्यात रोज दोन तास जातात, म्हणून घेतली.

काम असं. वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत १२० मीटर ओढा. दोन्ही काठांवर मिळून ६४ घरं. ज्यांना जागेबद्दल जिव्हाळा असतो ते तिथे कचरा कमी टाकतात का, हे आठ आठवडे मोजायचं. शेवटच्या मोजणीत कचऱ्याची संख्या शंभराच्या खाली असेल तर ओढा उघडा राहील. नसेल तर त्यावर स्लॅब पडेल आणि वर गाड्या उभ्या राहतील. दोन्हीपैकी काहीही झालं तरी मला फरक पडत नाही.

नियम केले. मोजायचं, हात लावायचा नाही. कुणाशी गप्पा मारत बसायचं नाही. जागेशी स्वतःचा भावनिक संबंध जोडायचा नाही. हा शेवटचा नियम खरं तर लिहायची गरज नव्हती. मला जागा आवडत नाहीत. नावडतही नाहीत. हेड ऑफिसच्या उपकरण विभागात बदलीसाठी अर्ज केलाय, त्यातही हेच लिहिलं आहे.

घरमालकीण काकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "ओढ्याचा आवाज छान येतो बघ, लगेच झोप लागेल." छान हे एकक नाही. मोजला. ४१ डेसिबल.

४ फेब्रुवारी. सकाळी ६.४०

पहिली मोजणी. एकूण ४१२ वस्तू. प्लास्टिक २०६, कागद ३१, काच ९, चप्पल एक (डावी), इतर ३२. उरलेले १३३ निळ्या कापडाचे तुकडे. वरच्या पुलाला लागून टेलरचं दुकान आहे. शाळांचे गणवेश चालू असावेत.

हात लावला नाही.

६ फेब्रुवारी

प्रश्नावली तयार. बारा प्रश्न, पण सगळा भार पहिल्यावर: "हा ओढा आपला वाटतो का? १ ते ५ गुण द्या." शब्द मुद्दाम आदराचा ठेवला. आकडेवाल्याला फोनवर वाचून दाखवली. (तो ऑफिसात माझ्या शेजारी बसतो, आकड्यांशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाही, म्हणून आमचं जमतं.) म्हणाला, चांगली आहे, पाठव छापायला.

१० फेब्रुवारी

निकाल. ६४ पैकी ६१ घरांनी पाचपैकी पाच दिले. दोघांनी चार. एका फॉर्मवर फक्त तेलाचा डाग आहे, तो बाद.

एवढा जिव्हाळा आमच्या ऑफिसच्या आजवरच्या एकाही सर्व्हेत निघालेला नाही. साहेबांना लगेच मेल केली. आता कचरा उतरणार हे उघड आहे. किती दिवसांत, एवढंच बघायचं.

११ फेब्रुवारी. सकाळी ६.४०

४३८.

डावी चप्पल मोजपट्टीसमोर अडकली होती, पाण्याची पातळी नीट वाचता येईना. म्हणून काढली. कचरा म्हणून नाही, अडथळा म्हणून. पद्धतीत सुधारणा.

१३ फेब्रुवारी

आज कातरण लाल. टेलरच्या दुकानापाशी थांबले. गप्पा नव्हेत, माहिती संकलन. त्यांनी फॉर्मवर पाचपैकी पाच दिलेत आणि मीच पाहत असताना खिडकीतून मूठभर कातरण ओढ्यात सोडलं. विचारलं, ओढा आपला वाटतो ना तुम्हाला?

"म्हणजे काय मॅडम! जन्म गेला इथे."

मग त्यात कातरण कसं टाकता?

टेलर माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी सुईला भोक का असतं ते विचारलंय. "आता दुसऱ्याच्या दारात टाकू का? बरं दिसतं का ते? आपलाच ओढा आहे म्हणून टाकतो."

मी वहीत लिहून घेतलं. त्यांना वाटलं मला पटलं. त्यांनी आणखी एक मूठ टाकली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन. "रमलीस का गं तिथे?" म्हटलं, मी रमायला आलेले नाही, मोजायला आलेय. "बरं, मग जेवलीस का?" आईकडे विषय बदलायचं कसब आहे. बोलता बोलता म्हणाली, मागे पाण्याचा आवाज येतोय, छान वाटतंय. तिला ४१ चा आकडा सांगितला.

१९ फेब्रुवारी. सकाळी ७.१५

सध्या मोजणीला थोडा जास्त वेळ लागतो, कारण एकच वस्तू दोनदा मोजली जाऊ नये म्हणून मोजलेली वस्तू बाजूला काढावी लागते. बाजूला म्हणजे काठावर. काठावरून वारा परत पाण्यात टाकतो, म्हणून पोत्यात. पोती पलंगाखाली. याला साफसफाई म्हणता येणार नाही. हे नमुने आहेत. पोत्यांवर तारीख आणि प्रकार लिहिला आहे.

पिवळा प्लास्टिकचा मग काढायला गेले तर आत खेकडा. सुमारे ३ सेंटिमीटर. मग तसाच ठेवला. नोंद: वस्तू १, वापरात.

२१ फेब्रुवारी

खेकडा मगातच आहे. बघायला गेले नव्हते, पाण्याचं तापमान घ्यायला गेले होते.

२४ फेब्रुवारी

२१४! निम्म्यावर आलं. जिव्हाळ्याचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, हा या अभ्यासाचा पहिला ठोस निष्कर्ष. साहेबांनी मेलला उत्तर दिलं: "उत्तम." साहेब एवढं मोठं उत्तर वर्षातून दोनदा देतात.

काकूंनी झाडताना विचारलं, "पलंगाखाली काय गं हे?" म्हटलं, नमुने. "कशाचे?" म्हटलं, ओढ्याचे. काकूंनी एका पोत्याला झाडूने टोचून पाहिलं आणि पुढची खोली झाडायला गेल्या.

२६ फेब्रुवारी

मोठी चूक सापडली. माझी नाही, भाषेची.

संध्याकाळी काकूंच्या स्वयंपाकघरात बसले होते (त्यांची खुर्ची सपाट आहे). काकूंना म्हटलं, ६१ घरांना ओढा आपला वाटतो आणि तरी टाकतात, हे आकड्यात बसत नाही. काकू म्हणाल्या, "अगं, तू विचारलंस आपला वाटतो का, तर आपलाच म्हणणार ना. तुझा, माझा, सगळ्यांचा. नाही कसं म्हणणार कोणी तोंडावर? तुला काय वाटलं असतं?"

म्हटलं, काकू, आपला म्हणजे तुमचा. आदरार्थी.

"आदर कसला त्यात? आदराने विचारायचं होतं तर 'काकू, हा ओढा तुमचा वाटतो का' असं विचारायचंस."

म्हणजे लोकांनी जो आपला पाचपैकी पाच गुणांनी मान्य केला, त्यात मी पण होते. मोजणारी व्यक्ती मोजमापात शिरली. उपकरणदोष. आकडेवाल्याला कळवलं. तो तीन मिनिटं हसला. फोन चालू होता, त्यामुळे वेळ नोंदवता आला.

नवी प्रश्नावली: "हा ओढा तुमचा वाटतो का?"

२८ फेब्रुवारी

निकाल. ६४ पैकी ५८ घरांनी पाचपैकी एक. शून्याचा पर्याय नव्हता, तरी चौघांनी पेनाने तो नवीन तयार करून त्यावर खूण केली. टेलरनी मला दुकानातून हाक मारली. "मॅडम, आमचा कशाला असेल? नगरपालिकेचा आहे. उद्या फुटला तर आमच्या नावावर नको." काकूंनीही एकच दिला. म्हटलं, काकू, तुम्ही पण? "अगं, तुमचा म्हटलं की माणूस आधी घाबरतो."

आकडेवाल्याचा फोन. "आता कोणता फॉर्म खरा धरायचा?" म्हटलं, दोन्ही. "दोन्ही धरले तर लोकांना ओढा एकाच वेळी शंभर टक्के आपला आहे आणि अजिबात आपला नाही." म्हटलं, बरोबर, तसंच आहे. गप्प झाला. त्याच्या गप्प होण्यात मला कौतुक जाणवलं.

३ मार्च. सकाळी ६.४०

९४!!

(दोन उद्गारचिन्हं अनावश्यक. खोडत नाही, शाई आहे.)

शंभराच्या खाली. शेवटच्या मोजणीला अजून सव्वीस दिवस. दुपारी वरच्या पुलावर पाटी लावली: "आपण ओढा स्वच्छ ठेवूया." टेलर बाहेर आले, पाटी वाचली, मान डोलावली. "छान. ठेवताच की आपण." यावेळी त्यांनी आदरार्थी वापरला असावा, कारण ते माझ्याच हातमोज्यांकडे बघत होते.

उद्यापासून चार दिवस हेड ऑफिसला. बदलीची मुलाखत.

५ मार्च. हेड ऑफिस

मुलाखत उत्तम झाली. विचारलं, राहती जागा सोडायला काही अडचण? म्हटलं, शून्य. जागेशी भावनिक संबंध? म्हटलं, तो आमच्या अभ्यासाचा विषय आहे, माझा नाही. पॅनेलमधल्या बाईंनी हे लिहून घेतलं.

उपकरण विभाग बघितला. स्वच्छ, शांत. सगळ्या खुर्च्या सपाट. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. उत्तम जागा आहे.

तिथल्या गेस्टहाउसात झोप लागली नाही. गादी.

८ मार्च. सकाळी ६.४०

३८८.

मगात खेकडा आहे. मगाभोवती चकचकीत हिरव्या कापडाच्या झिरमिळ्या. कुणीतरी मोठ्या समारंभाचे कपडे शिवायला टाकलेत.

९ मार्च, रविवार

आकडेवाल्याने आलेख काढून पाठवला आणि मागोमाग फोन केला. "बघ. तू असलीस की खाली, गेलीस की वर, आलीस की परत खाली जायला लागलाय. ओढ्याचं तुझ्यावर प्रेम आहे का?"

योगायोग, म्हटलं.

"तू कचरा उचलतेस का?"

फक्त मोजण्यापुरता.

"मोजून परत टाकतेस का?"

लाइन खराब होती असं म्हणता येईल. लाइन खराब नव्हती.

१० मार्च

विचार केला. बाब अशी. ६१ घरांचा जिव्हाळा, प्रश्नावली, पाटी, यातल्या कशानेही एकही पिशवी कमी झालेली नाही. आजपर्यंत मी २,९४७ वस्तू उचलल्या. नोंद पोत्यांवर आहेच. ती नोंद अंतरिम रिपोर्टात घातली तर आलेख निकामी आणि ओढ्यावर स्लॅब. नाही घातली तर आलेख सुंदर आहे.

मी खोटं लिहीत नाही. पण प्रत्येक खरी गोष्ट मोठ्या अक्षरात लिहिली पाहिजे, असा नियम नाही. रिपोर्ट ८४ पानी. ही माहिती परिशिष्ट चारमध्ये, तळटीप, आठ पॉइंट.

११ मार्च

रिपोर्ट पाठवला. आजवर केलेलं सर्वांत संतुलित काम.

१३ मार्च

साहेबांनी बोलावलं. साहेब रिपोर्ट शेवटच्या पानापासून वाचतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"ही तळटीप काय आहे?"

नमुना संकलन, सर.

"दोन हजार नऊशे सत्तेचाळीस नमुने?"

सखोल अभ्यास आहे, सर.

"कुठे आहेत?"

पलंगाखाली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं रागावतील. शांतपणे म्हणाले, "तुम्हाला ओढा वाचवायचा आहे का?" मी म्हटलं, माझी तशी कोणतीही भूमिका नाही. "मग सोपं आहे. आजपासून हात लावायचा नाही. २९ तारखेला सकाळी मी स्वतः येतो, दोघं मिळून मोजू. शंभराच्या खाली असेल तर उघडा. नाहीतर त्याच आठवड्यात काम सुरू. ठीक?"

ठीक, म्हटलं. आवाज नेहमीसारखाच होता. बहुधा.

१४ मार्च

हात लावला नाही. १३९.

१५ मार्च

हात लावला नाही. १९२. एक बाटली माझ्या खिडकीखाली दगडाला अडकून हलत राहते. टक टक टक. ४६ डेसिबल.

१७ मार्च

लोकांना समजत नाही कारण त्यांच्यापुढे माहिती नाही. माहिती दिली की वागणूक बदलते. म्हणून आज संध्याकाळी टेलरच्या दुकानात व्याख्यान. आलेख सात. उपस्थिती नऊ. त्यातले चार कपड्यांच्या मापासाठी आले होते. चुकीच्या वागणुकीचा ओघ, घटकनिहाय विश्लेषण, स्लॅबचे परिणाम, सगळं पंचवीस मिनिटांत. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. एका आजोबांनी विचारलं, "वर गाड्या उभ्या राहणार त्या कुणाच्या?" म्हटलं, तुमच्याच. "मग बरं आहे की."

टेलरनी एक हात वर केला. "मॅडम, तुम्ही हल्ली सकाळी दिसत नाही. बरं नाही का?"

प्रकृती उत्तम आहे असं सांगितलं.

१८ मार्च

बदलीचा आदेश आला. ३१ तारखेला हेड ऑफिसात रुजू. आईला सांगितलं. आई म्हणाली, "तुला हवी होती ना गं?" हो म्हटलं. "मग असा आवाज का?" हल्ली सगळ्यांना आवाज मोजता येतात.

२० मार्च

बदली रद्द करावी असा अर्ज केला. कारण: तांत्रिक. मोजणी सलग ठेवणं गरजेचं आहे, मध्येच व्यक्ती बदलली तर मोजमापात फरक पडतो. जागेचा काही संबंध नाही. फोनवर सांगितलं गेलं की रहिवाशांचं सह्यांचं पत्र जोडलंत तर विचार होईल.

सह्या ६४ पैकी किमान ६० मिळतील असा अंदाज. पत्र काकूंकडे दिलं. मी स्वतः फिरणं योग्य दिसत नाही.

आज २७७.

२२ मार्च

सह्या: शून्य.

काकू म्हणाल्या, "अगं, मी घरोघर गेले. सगळे म्हणाले, त्या आपल्याच आहेत, सही कशाला लागते? टेलर तर चिडले माझ्यावर. म्हणाले, आपल्या माणसासाठी सह्या मागता? परक्या आहेत का त्या?"

म्हटलं, काकू, पण ऑफिसला कागद लागतो.

"ते मी म्हटलं. तर म्हणाले, मॅडमनाच विचारा, त्यांना काय वाटतं."

तुम्ही तरी करायचीत, म्हटलं.

काकू चक्क दुखावल्या. "मी? मी कशाला गं करू? तू घरातलीच."

२५ मार्च

अर्ज नामंजूर. सोबत माझ्या मूळ अर्जाची प्रत जोडली आहे. "कोणत्याही जागेशी भावनिक संबंध नाही" या वाक्याखाली लाल रेघ. सरळ रेघ आहे. पट्टी वापरली असावी.

३५१.

२६ मार्च

मोजायला गेले नाही. आकडा माहीत असून मोजणं म्हणजे वेळेचा अपव्यय. आदल्या दिवसापेक्षा सरासरी दहा-पंधराने वाढ, म्हणजे ३६० धरावेत. खिडकी लावून घेतली. धूळ येते.

बांधाबांध सुरू. अकरा पोत्यांचं काय करायचं हा प्रश्न आहे. साहेबांना विचारलं, नमुने जमा करायचे का. उत्तर आलं: "नको." साहेब मूळ लांबीवर आले.

२७ मार्च

स्लॅबचा आराखडा टपालाने आला. नीट वाचला. जाडी २०० मिलिमीटर, काँक्रीट दर्जेदार, पाण्याचा निचरा योग्य. तांत्रिकदृष्ट्या एकही चूक काढता आली नाही. दोनदा शोधली. दुपारभर शोधली.

पिवळ्या मगाचा आराखड्यात उल्लेख नाही. असण्याचं कारणही नाही.

२८ मार्च. सकाळी ५.५५

ठरवलं. नियम मोडत नाही, उद्या साहेब येणार तर पाहणीची वाट मोकळी असावी, सरकारी पाहणीत पाय घसरला तर जबाबदारी माझी. म्हणून फक्त वाटेतल्या वस्तू उचलणार. वाट मी १२० मीटर लांब धरली आहे. हातमोजे घालून जिना उतरले.

काकू खालच्या दारात कडी लावून उभ्या. "कुठे गं?"

फिरायला.

"हातमोजे घालून? ऑफिसने काय सांगितलंय तुला? हात लावायचा नाही ना? मग चल वर. चहा टाकलाय."

काकू नियमांबाबत इतक्या कडक असतील असं वाटलं नव्हतं. मला मागच्या बाजूला जाऊच दिलं नाही. मनातून मला त्यांचा आदर वाटला, आणि राग.

खाली बराच वेळ गलका, पाण्यात पावलं, टेलरचा आवाज. बहुधा कुणाचं तरी सामान हलवत असावेत. खिडकी उघडली नाही. काय बघायचं ते उद्या बघावंच लागणार आहे.

२९ मार्च, शनिवार. सकाळी ७.३०

साहेब ६.३५ ला आले. बरोबर आकडेवालाही. मी आधीच सांगितलं की आकडा ४०० च्या आसपास असेल, तेव्हा फार वेळ लागणार नाही. साहेब म्हणाले, मोजू.

मोजलं. ६३.

पुन्हा मोजलं. आकडेवाल्याने स्वतंत्र मोजलं. ६३.

वरच्या पुलाखाली काठापासून काठापर्यंत जाळी. मच्छरदाणीचं कापड, दुहेरी, कडेने नाडी, खालच्या नाडीत दगड ओवलेले. पाणी आरपार, पिशव्या अडकलेल्या. टेलर गुडघाभर पाण्यात. त्यांनी जाळीचं एक टोक सोडलं, गोळा केली, पोत्यात उलटी झटकली, परत बांधली. मी घड्याळ लावलं होतं. तीन मिनिटं दहा सेकंद.

मला रोज पन्नास मिनिटं लागत होती. मी अभियंता आहे. वाहत्या पाण्यात आडवी जाळी, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. तीन आठवडे रोज वाकून एकेक पिशवी उचलताना मला हे एकदाही सुचलं नाही. का सुचलं नाही याचा शोध घेण्याची सध्या गरज वाटत नाही.

साहेबांनी टेलरना विचारलं, ही कल्पना कुणाची? "कल्पना कसली साहेब? वास यायला लागला. कपड्यांना बसायचा." मग जे जुनं साचलं होतं ते? "काल सगळ्यांनी मिळून काढलं. वीसेक जण होतो. आणि माझं कातरण आता मशीनखाली पोतं बांधून त्यात."

साहेब: "मग हे आधी का नाही केलंत?"

टेलरनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या आपुलकीने पाहिलं, हे नमूद करते. "मॅडम करत होत्या ना रोज. आम्हाला वाटलं ऑफिसने माणूस नेमलाय. मोजत मोजत साफ करणारा. मध्ये आपण कशाला हात घालायचा? दिसेनाशा झाल्या तेव्हा कळलं की आता आपल्यालाच बघावं लागणार."

आकडेवाला खालच्या पुलाकडे निघून गेला. त्याचे खांदे हलत होते.

साहेबांनी जाळीला हात लावून बघितला, शिवण तपासली, आणि टेलरना विचारलं, अशा आणखी तीन जाळ्या शिवून द्याल का? टेलर म्हणाले, माप घ्यायला येईन.

ओढा उघडा राहणार. निकाल जाहीर. काकूंनी सगळ्यांना चहा दिला. मला सोडून. मी घरातली, मला नंतर.

३० मार्च, रविवार. सकाळी ११.२०

रिपोर्टाचा शेवटचा परिच्छेद लिहिला. बारा पॉइंट, मुख्य भागात, पान एक. आकड्यांवरून एकच निष्कर्ष निघतो आणि तो मी अचूक लिहिला आहे: "सर्वेक्षक उपस्थित असताना रहिवाशांच्या वागणुकीत कोणताही बदल आढळला नाही. कचरा कायमस्वरूपी कमी होण्याचं कारण: सर्वेक्षक बाजूला झाली." सही केली. पाठवला.

साहेबांचा वीस मिनिटांत फोन. "वाचलं. बरोबर आहे. एवढंच विचारायचं होतं, मग तुम्हाला तिथे आठ आठवडे कशाला पाठवलं होतं?"

म्हटलं, प्रश्न गुंतागुंतीचा आहे, सर. उत्तर जागेवरच तपासावं लागेल. किमान दोन आठवडे इथे आणखी राहावं लागेल.

साहेब म्हणाले, "बस उद्या साडेसातची आहे."